सावली कुठवर

४ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाला. तानाजीच्या वाढीव मजल्याच्या सळया आज आमच्या आढ्याच्या वर गेल्या. पन्हळीतला पाला काढायला कौलांवर चढलो होतो, तेव्हा समोरच दिसल्या. उतरताना डावा गुडघा कटकन वाजला. एकोणसाठाव्या वर्षी कौलांवर चढणारा माणूस मंगळवार पेठेत मी एकटाच उरलो असेन. हौस नाही, धंदाच तो.

तानाजी चुलतभाऊ. त्याच्या आणि आमच्या घरात चार फुटांचा बोळ. तो दक्षिणेला, आम्ही उत्तरेला. पुढचं नंतर.

७ ऑक्टोबर

आज काम नव्हतं. बसून छपराकडे बघत राहिलो.

दक्षिण उतारावरची मंगलोरी कौलं बावीस वर्षांपूर्वी मी माझ्या हातानं काढली आणि तिथं सोलर बसवला. स्टँडवर उभा नव्हे, छपरातच. वाशांवर चौकट, चौकटीत काळा तांब्याचा पत्रा, नळ्या, वर काच, कडेनं शिशाची पट्टी. रस्त्यावरून बघणाऱ्याला छपराला खिडकी आहे असं वाटतं. टाकी आत माळ्यावर, आढ्याखाली, बायकोच्या, शालनच्या, दोन जुन्या गोधड्यांत गुंडाळलेली. पंप नाही, वायर नाही. तापलेलं पाणी आपणहून टाकीत चढतं.

काच चढवली त्या दिवशी तानाजी त्याच्या गच्चीवर उभा राहून दोन्ही हातांनी ती तोलून धरत होता. अर्धा तास. घाम डोळ्यांत जात होता तरी हात सोडला नाही त्यानं.

लोकांचे स्टँडवरचे सोलर वाऱ्यानं कलंडले, माकडांनी नळ्या फोडल्या. माझा तसूभर हलला नाही. बावीस वर्षं हे छाती पुढं काढून सांगत आलो. आता हलवता आला असता तर बरं झालं असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाणी कडक. शालनची बोटं वीस मिनिटांत उघडली.

आठ वर्षं झाली तिच्या संधिवाताला. सकाळी उठते तेव्हा बोटं अशी आखडलेली असतात की लुगड्याची निरीसुद्धा धरवत नाही. तांब्याच्या घंगाळात सोलरचं पाणी, त्यात मनगटापर्यंत हात, मग हळूहळू एकेक बोट सुटतं. मग चहा, मग शिलाईचं मशीन. पेठेतल्या निम्म्या बायकांच्या अंगावर हिनं शिवलेलं ब्लाऊज असतं. डॉक्टरांच्या गोळ्या आहेतच, पण ती सगळ्यांना सांगते, "माझं खरं औषध छपरात हाय."

आज हात पुसता पुसता मागच्या खिडकीतून वर बघत म्हणाली, "एवढा मजला चढवालेत, तुम्हांला इचारलं न्हाय व्हय भावजींनी?"

मी म्हणालो, "आजकाल कोण कुणाला विचारतंय."

१३ ऑक्टोबर

काल शालनशी खोटं बोललो. इथं तरी खरं लिहावं.

मे महिन्यात तानाजीच्या संग्रामची सुपारी फुटली. मुलीकडचे पाहुणे गारगोटीहून आले होते, दहाबारा जण. सोप्यात गाद्या घातल्या होत्या. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरांस्नी येगळी खोली हाय न्हवं?" तानाजी म्हणाला, "वर मजला चढवालोय की. नकाशा तयार हाय, शेजारी म्हणून निस्ती आण्णाची सही ऱ्हायलीया." आणि नकाशा माझ्या मांडीवर आला.

त्यानं विचारलं होतं. चांगलं सगळ्यांसमोर विचारलं होतं. "आण्णा, तुझ्या सोलरला काय हुणार न्हाय न्हवं? तसं असंल तर आत्ताच सांग, बोळाकडची बाजू मोकळी सोडतो."

नकाशा बघताक्षणी मला कळलं होतं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर, बोळात सावलीच नाही. पण दिवाळीनंतर तो दक्षिणेला कलतो, तेव्हा त्या भिंतीची सावली नेमकी काचेवर. हेच तर मी तीस वर्षं लोकांना सांगतोय. गिऱ्हाइकाच्या दारात चप्पल काढायच्या आधी माझा पहिला प्रश्न: दक्षिणेला कोण राहतं, पुढं बांधणार आहे का.

पण बारा पाहुण्यांत काय बोलणार? माझ्या बायकोच्या घंगाळातल्या पाण्यासाठी तुमच्या पोरीची खोली अडवतो, असं? बाईमाणसाच्या न्हाणीचा विषय, तोही नव्या सोयऱ्यांसमोर. जीभ उचलली नाही. आणि उचलली ती भलतंच बोलायला. "काय हुत न्हाय रे. सूर्य आपल्या वळखीचा हाय." सगळे हसले. मुलीचे वडील तर मांडीवर थाप मारून. मी सही केली.

शालन तेव्हा त्याच घरात होती. आत मंगलबरोबर, म्हणजे तानाजीच्या बायकोबरोबर, शिरा हलवत.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहिली अंघोळ. दर वर्षी आमच्या सोलरच्या दोन बादल्या बोळ ओलांडून तानाजीकडे जातात. बावीस वर्षांत कधी खंड नाही. आज पहाटे मंगल रिकामी बादली घेऊन दारात आली. "आक्का, उटणं लावून बसल्यात सगळी, लौकर द्या."

शालन म्हणाली, "पाणी तापलं न्हाय."

आत न्हाणीत वाफ दाटली होती. मंगलला ती दिसलीच असणार. ती बादली घेऊन गेली.

मी तिथंच पाटावर तेल चोळत बसलो होतो.

२९ ऑक्टोबर

तिकडे स्लॅब टाकला. मिक्सर दिवसभर घुरघुरत होता. शालननं मागची खिडकी लावून घेतली, संध्याकाळी मिक्सर थांबल्यावरही उघडली नाही. ह्या खिडकीतून दोघी जावा भाजी निवडत तासभर बोलायच्या. ताटं, वाट्या, मीठ, मासिकं, सगळं ह्याच खिडकीतून इकडचं तिकडे.

तिचा स्वभाव भांडायचा नाही. भांडली असती तर मंगलनं फाडकन सांगितलं असतं, तुमच्या नवऱ्याची सही हाय. विषय तिथंच संपला असता. ही नुसती गप्प झालीय.

१० नोव्हेंबर, सोमवार

अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव चाललाय, मावळतीची किरणं थेट मूर्तीवर येतात. सगळ्या गावाच्या तोंडी एकच, आज किरणं कुठवर आली? काल म्हणे अंबाबाईच्या कमरेपर्यंत. ढग आला, नाहीतर मुखापर्यंत गेली असती. किरणांच्या वाटेत कुठं काही आडवं येत नाही ना, ते बघायला माणसं आधीपासून फिरत असतात. देवीचं बरं आहे.

तानाजीच्या विटांचं काम आढ्याच्या वर गेलंय. दुपारी साडेबाराला वर चढलो. काचेच्या खालच्या काठावर चार बोटं सावली. कडेच्या कौलावर खडूनं रेघ मारली, तारीख टाकली.

खाली आलो तर शालन मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "कुठवर?"

मी म्हणालो, "पावलांपर्यंत."

"देवळात किरणं पायापासनं चढत्यात," ती म्हणाली, "आपल्याकडं सावली." आणि हसली. बरेच दिवसांनी हसली. मला रडू यायचं राहिलं.

२२ नोव्हेंबर

जयसिंगपूरला गेलो होतो. एक निवृत्त मास्तर कौलारू घर बांधतायत. नव्यानं कौलारू बांधणारा माणूस भेटला ह्याचंच नवल. छपरातच बसणारा सोलर पाहिजे म्हणाले, स्टँडचा नको, घराची शोभा जाते. पाच वर्षांत असं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. एरवी बरं वाटलं असतं.

तिथलं बोअरचं पाणी जड, नळ्यांत खार धरतो, तो वर्षाकाठी कसा काढायचा ते समजावलं. मग सवयीनं विचारलं, "दक्षिणेला कोण?" मोकळा प्लॉट. मालक बाहेरगावी.

मास्तर म्हणाले, "उद्या त्यानं बांधलं तर?"

"सही मागायला आला की आधी मला फोन करा," मी बजावून सांगितलं. "भीडभाड ठेवू नका."

परतीच्या एस.टी.त हसू आलं. शेजारच्या बाईनं पोर मांडीवर ओढून घेतलं.

४ डिसेंबर

पाणी कोमट. सावली कमरेपर्यंत. पहाटे थंडी चांगलीच आहे. हात पाऊण तास पाण्यात, तरी अंगठा उघडला नाही. आज शिवण नाही. काल पण नव्हती.

तानाजी कोपऱ्यावर भेटला. "आण्णा, वैनी बोलत न्हाईत. मंगल रोज इचारतिया, काय चुकलं. लग्न दोन म्हैन्यांवर आलंय, काय असंल तर सांग की."

"हात दुखतात रे तिचे," मी म्हणालो. "कशात लक्ष नसतं."

हेही एका परीनं खरंच. माणूस खोटं बोलायला लागला की असली अर्धी खरी वाक्यं त्याला बरोबर सापडतात.

७ डिसेंबर

सकाळी लवकर जाग आली तर स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं. शालन दोन्ही मनगटांत फडकं धरून ते उतरवत होती. बोटांनी धरवत नाही म्हणून मनगटांनी. मला बघून म्हणाली, "थोडंसं कमी पडलं सोलरचं. तुमचं काय न्हाय, थंडीच हाय तशी."

माझ्या सोलरला नाव ठेवलं असं मला वाटू नये, म्हणून थंडीवर ढकललं.

१५ डिसेंबर

गिझर आणतो म्हणालो. शेवटी बोललोच. सोलरवाल्याच्या घरात गिझर, हसू देत लोक. गळ्यातला काटा काढल्यासारखं वाटलं बोलल्यावर.

शालन एकदम तडकली. "गिझर न्हाय आणायचा. माझं ऊन त्यांनी घेतलं आणि मी गपगुमान गिझर लावून बसू व्हय? दिसू दे सगळ्या बोळाला. माझं हात असंच ऱ्हाऊ देत."

मी म्हणालो, "त्यानं मुद्दाम नाही केलं."

"इचारलं असतं तर मी काय न्हाय म्हणणार होतो? पोराच्या लग्नाची खोली. मीच म्हटलं असतं बांधा म्हणून. निस्तं एकदा इचारायचं."

ती नाही म्हणाली नसती. सहीच्या आधी विचारलं असतं तरी, नंतर सांगितलं असतं तरी, नाही म्हणाली नसती. तिला फक्त विचारायला हवं होतं. आणि ते तानाजीचं काम नव्हतं.

तरी तोंड उघडलं नाही. ह्या माणसाला काय म्हणावं.

२१ डिसेंबर

सगळ्यात लहान दिवस. सावली गळ्यापर्यंत. काचेचा वरचा वीतभर पट्टा तेवढा उन्हात. पाणी गार म्हटलं तरी चालेल.

"कुठवर?" विचारलं नाही तिनं आज.

२८ डिसेंबर, रविवार

तानाजी घरी आला. चहा घेतला नाही. म्हणाला, वर भिंतीला गिलावा करताना त्यानं आमच्या छपराकडे बघितलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. "आण्णा, सावली पडतिया की रं तुझ्या काचंवर. तू तर म्हणालतास काय हुत न्हाय."

शालन मारुतीच्या देवळात गेली होती. नशीब म्हणायचं की दुर्दैव, माहीत नाही.

मी म्हणालो, "चुकला अंदाज."

"तुझा?" एवढंच म्हणाला. मग बराच वेळ चप्पल पायानं सरकवत बसला. मग म्हणाला, "माझ्या नव्या स्लॅबवर लाव की. नळ्यांचा स्टँडवाला. दिवसभर ऊन हाय तिथं. बोळावरनं पाइप वडू. कुणाच्या बापाचं काय जातंय."

भिंत त्याची, चूक माझी, आणि तोडगा तो घेऊन आला.

संध्याकाळी शालनला सांगितलं. तोडगा सांगितला, बाकीचं नाही. ती म्हणाली, "आधी ऊन घ्यायचं, मग दान म्हणून परत द्यायचं. त्यांच्या डोक्यावरचं पाणी मला नको."

तिच्या जागी ती बरोबर आहे. तिला जे माहीत आहे त्या हिशेबानं अगदी बरोबर.

२ जानेवारी

गुडघा. तीन दिवस कामावर नाही. मास्तरांचा फोन, कधी येताय. पुढच्या आठवड्यात म्हटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

मंगल तिळगूळ घेऊन आली. शालननं उंबऱ्याच्या आतूनच हात पुढे केला, घेतला, आपल्याकडचा दिला. वर्षातला एकच दिवस, ज्या दिवशी गोड बोला म्हणायचं, आणि दोघी मुक्या.

जाताना मंगल माझ्यापाशी थांबली. डोळे भरलेले. "आण्णा, तुम्ही तरी सांगा. मी काय चुकलो काय?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

मग काय. शिडी लावून वर गेलो.

सावली आता उतरायला लागलीय. खडूच्या सगळ्यात वरच्या रेघेपासून चांगली वीतभर खाली. सूर्याला माझ्या कबुलीची गरज नाही, तो आपला परत निघाला.

१९ जानेवारी

सकाळी पातेलं निसटलं. शालनच्या उजव्या पावलावर पाणी. नशिबानं उकळतं नव्हतं, पण पाऊल लालबुंद, कडेला फोड.

भांड्याचा आवाज आणि शालनची भाजल्याची ओरड ऐकून मंगल बोळातून धावत आली. खिडकी बंद, म्हणून खिडकीवर थापा. "आक्का, कोरफड आणलीया, लावा लौकर." शालन ओट्याला टेकून उभी, डोळ्यांतून पाणी, खिडकी उघडेना. शेवटी मी उघडली. मंगलच्या हातात कोरफडीचं तोडलेलं पान, ओलं, गर ठिबकत होता. मी घेतलं. मंगल आत शालनकडे बघत होती. शालन भिंतीकडे.

कोरफड मी लावली. शालन म्हणाली, "त्यांची नको." मी तरी लावली.

हे आता माझ्यानं होत नाही. तिचे हात गेले, शिवण गेली, जाऊ गेली, आता पाय. आणि मी रोज दुपारी वर जाऊन खडूनं रेघ मारतोय.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

सांगितलं.

सकाळी तिनं दारात रांगोळीनं सूर्याचा रथ काढला. बोटांत रांगोळी धरवत नाही, म्हणून मुठीतून सोडली. चाकं वाकडी झाली. शेण्या पेटवून वर बोळक्यात दूध ठेवलं, सूर्याकडे तोंड करून बसली. दूध उतू जायची वाट बघत. मी शेजारी पायरीवर बसलो आणि सांगितलं. सुपारीचा दिवस, नकाशा, तानाजीनं विचारलेलं, मी काय म्हणालो. सूर्य आपल्या वळखीचा हाय, हेसुद्धा. शब्द न गाळता.

ती दुधाकडेच बघत होती. म्हणाली, "मी कुठं व्हतो तवा?"

"आत. शिरा करत होतीस."

"म्हंजे हाक मारली असती तर ऐकू आली असती."

"हो."

दूध उतू गेलं. पूर्वेकडे सांडलं, शुभ म्हणतात. शेण्या विझल्या, धूर झाला. तिनं पदरानं डोळे पुसले, धुराचे की कशाचे विचारायची माझी लायकी नव्हती. उठताना नेहमी माझा खांदा धरते. आज भिंत धरली.

२७ जानेवारी

बोलत नाही. जेवायला वाढते. पाणी देते. माझ्याकडे बघत नाही. बोळाकडचं गप्प राहणं आता माझ्याकडे आलं. ज्याचं त्याला मिळालं.

मागची खिडकी उघडी आहे. मात्र खिडकीत उभी राहत नाही.

२९ जानेवारी

पाणी बरं. सावली गुडघ्यापर्यंत उतरली.

जेवताना म्हणालो, "आज गुडघ्यापर्यंत." तिनं आमटी वाढली.

१ फेब्रुवारी, रविवार

गावात पुन्हा किरणोत्सव. नोव्हेंबरात जिथून किरणं येतात, तिथूनच आता पुन्हा येतात. सूर्य दक्षिणेला जाताना एकदा आणि परतताना एकदा. लहानपणापासून बघतोय, पण कारण ध्यानात आलं ते ह्या वर्षी, खडूच्या रेघांमुळे.

तानाजीकडे मांडव घातलाय. हळद गुरुवारी, लग्न शुक्रवारी. गारगोटीचे पाहुणे हळदीलाच येणार आहेत. मंगल अक्षत घेऊन आली, पाटावर ठेवली, वाट बघितली, गेली. मी घरातच होतो. मंगलला मीच सांगायला पाहिजे होतं. पाय निघाला नाही.

३ फेब्रुवारी

नऊ दिवसांनी बोलली. भाकरी थापताना, पाठमोरी.

"मी मंगलला काय सांगू? तीन म्हैनं तिच्या तोंडावर दार लावलं. दिवाळीला रिकामी बादली परत धाडली. कोरफड नको म्हटलं. काय सांगू तिला, माझ्या नवऱ्यानं मला येडं केलं?"

मी म्हणालो, "मी सांगतो. आज जातो. तानाजीला आणि तिला घरात बसवून सांगतो."

"घरात न्हाय." भाकरी तव्यावर टाकली. "सही पावण्यांसमोर केलासा न्हवं? हसवलासा पण पावण्यांसमोर. मग पावण्यांसमोरच सांगा. हळदीला. मी तिथं असतो."

"शालन, नवे सोयरे. लग्नघर. काय म्हणतील?"

ती वळली. तव्यावरची भाकरी करपत होती, तिनं तिकडे बघितलं नाही. म्हणाली, "ह्येच म्हणालतासा तवा पण. मनातल्या मनात."

हे मी तिला सांगितलं नव्हतं. वहीतच लिहिलं होतं. तिनं वही वाचलेली नाही, तिला चष्मा लागतो आणि तो महिनाभर फुटलाय. तिला मीच वाचता येतो.

४ फेब्रुवारी

मास्तरांच्या कामाला जाऊन आलो. काच चढवताना मास्तर स्वतः खाली उभे राहून धरत होते. म्हणाले, जड आहे हो. म्हटलं, अर्धा तास धरली की कळतं किती जड ते.

चौकटीचं काम चांगलं झालं. असं काम आता हातून किती होईल कुणास ठाऊक. त्यांच्या वहीत मी स्वतः लिहून दिलं: दक्षिणेच्या प्लॉटवाल्याला सही द्यायच्या आधी घरातल्या बाईला विचारावं. मास्तरांना वाटलं मी विनोद केला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारचे साडेतीन. हळद चारला. सनई लावलीय, कर्ण्यावर, इकडे भिंती हादरतायत.

साडेबाराला वर जाऊन आलो. सावली पावलांवर, चार बोटं. नोव्हेंबरातल्या खडूच्या रेघेवर बरोबर. पाणी कडक.

काय बोलायचं ते सकाळपासून कागदावर उतरवतोय. 'तानाजी, मे महिन्यात मी जे म्हणालो ते' खोडलं. 'पाहुणे मंडळी, एक सांगायचं राहिलं' खोडलं. 'मंगल, तुझं काही चुकलं नव्हतं.' हे राहू दिलं. पण सुरुवात ह्यानं होते का शेवट, कळत नाही. मुलीचे वडील मांडीवर थाप मारून हसले होते. आज त्यांचं तोंड कसं होईल, हे डोळ्यांपुढून जात नाही. आणि तानाजी मांडवात चार माणसांत खाली बघेल, माझ्यासाठी. ते त्याहून वाईट.

गारगोटीची गाडी आली. आवाज आले बोळात.

शालन न्हाणीतून आली. हिरवं लुगडं नेसलीय, पदर नीट लागलाय. पाऊण तास दोन्ही हात घंगाळात घालून बसली होती. मला वाटलं दुखतायत. तर नाही. तिकडे मांडवात कासार बसलाय, नवरदेवाची चुलती म्हणून तिला हिरवा चुडा भरून घ्यायचा मान आहे, आणि गाठी आलेल्या हातात बांगडी चढायची तर हात तापवून सोडवून घ्यावे लागतात. बोटं एकेक करून उघडून बघत होती.

माझ्या हातातली वही बघितली. कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढून खुर्चीवर टाकला.

"आटपा," म्हणाली. "माझं हात मऊ हाईत तवर चला."

शर्ट घातला. वरचं बटण लागत नाही. ती दारात चप्पल घालून उभी आहे, पाठमोरी. पहिलं वाक्य अजून ठरलेलं नाही. बोळ चार फुटांचा आहे.